आगमनकाळ

आगमनकाळ : नाताळपूर्व चार रविवारांचा ख्रिस्ती प्रतीक्षाकाळ. पहिला रविवार 27 नोव्हेंबर ते 3 डिसेंबर यांदरम्यान येतो. त्यामुळे काळ 22 ते 28 दिवसांचा भरतो. उपासनेची वस्त्रे जांभळी, तिसऱ्या रविवारी गुलाबी. कोकणपट्टीत वसईपासून सावंतवाडीपर्यंतच्या कॅथलिक चर्चमध्ये तो पाळला जातो.

उगमाबद्दल एकमत नाही. स्पेनमधील सारागोसा येथील धर्मसभेने (380) 17 डिसेंबरपासून तीन आठवडे चर्चमध्ये गैरहजर राहू नये असे ठरवले. काही अभ्यासक येथेच आगमनकाळाचे बीज पाहतात. मात्र तो नियम 6 जानेवारीच्या प्रकटीकरण सणापर्यंतचा (एपिफनी) असल्याने नाताळच्या तयारीशी त्याचा संबंध जोडणे अवघड जाते. गॉलमधील (आजच्या फ्रान्समधील) धागा अधिक भक्कम वाटतो : तूर शहराचे बिशप पेर्पेतुअस यांनी पाचव्या शतकाच्या उत्तरार्धात संत मार्टिनच्या सणापासून (11 नोव्हेंबर) नाताळपर्यंत आठवड्याला तीन उपवास सांगितले. चार रविवारांची रोमन रचना बहुधा सहाव्या शतकाच्या अखेरची. पश्चात्ताप आणि आनंद या काळात शेजारी-शेजारी नांदतात, ते गॉलचे उपवास आणि रोमन रचना या दुहेरी वारशामुळे असावे.

आगमनकाळाची आशा म्हणजे सणाचा उत्साह नव्हे. या काळात वाचला जाणारा बायबलमधील यशया या ग्रंथाचा चाळिसावा अध्याय बहुतेक अभ्यासक इ.स.पू. 540 च्या सुमाराचा मानतात. यरुशलेम पडून गेले होते, लोक बाबेलमध्ये (बॅबिलोनमध्ये) बंदिवासात होते. ‘सांत्वन करा, माझ्या लोकांचे सांत्वन करा’ हे शब्द त्यांना उद्देशून आहेत. संकट टळल्यावरचे हे आभार नव्हेत, संकटातच धरलेला भरवसा आहे. निसर्ग (2020) आणि तौक्ते (2021) वादळांत छपरे गमावलेल्या किनाऱ्याला हा फरक समजावून सांगावा लागत नाही.

आगमनकाळात लावायचे मेणबत्त्यांचे चक्र त्या मानाने अलीकडचे : जर्मन धर्मोपदेशक योहान विखेर्न यांनी 1839 मध्ये हॅम्बुर्गजवळच्या निराधार मुलांच्या आश्रमात गाडीच्या चाकावर मेणबत्त्या लावल्या. घरी सुमारे 40 सेंमी. रुंद कडे आणि 2 सेंमी. जाड, 20 सेंमी. उंच अशा चार मेणबत्त्या पुरतात. दर रविवारी एक वाढवायची. रोज पंधरा मिनिटे जाळली, तर पहिली नाताळपर्यंत टिकते. खाऱ्या वाऱ्याच्या झोतात मात्र ती एका अंगाने वितळून नाताळाआधीच संपते. म्हणून कडे खिडकीपासून दूर ठेवावे. किनाऱ्यावर सहज मिळणारा सुरूचा पाला आठवड्यात वाळतो आणि चटकन पेटतो. त्यापेक्षा आंब्याचे टाळे बरे, तेही दर शनिवारी बदलावेत.

मालवण-सावंतवाडीकडे दुखवट्याच्या घरी नेवऱ्या, दोदोल हे नाताळचे गोड पदार्थ करत नाहीत. शेजारी ताट पाठवतात. मेणबत्तीला अशी आडकाठी नाही, आणि त्या घरी तर ती आवर्जून लावावी. चौथा रविवार 24 डिसेंबरलाच आला (उदा. 2017, 2023), तर चौथी मेणबत्ती सकाळी लावतात आणि त्याच संध्याकाळी नाताळ सुरू होतो, अशा वर्षी गोठा (येशूजन्माचा देखावा) शनिवारीच उभारून ठेवावा.