मोर्चाचे फोटो काढायला पत्रकाराचे ओळखपत्र लागत नाही

बेळगावात १ नोव्हेंबरला, कर्नाटक राज्याच्या स्थापनादिनी, मराठी भाषकांची निषेधाची काळ्या दिनाची फेरी निघते, तेव्हा ‘ओळखपत्राशिवाय फोटो काढणे गुन्हा आहे’ हे हमखास ऐकू येते. या समजुतीला कायद्याचा आधार नाही. सार्वजनिक रस्त्यावरील शांततापूर्ण आंदोलनाचे छायाचित्र घेणे हे संविधानाच्या कलम १९ मधील अभिव्यक्तिस्वातंत्र्यात येते, आणि ते हौशी छायाचित्रकाराला पत्रकाराइतकेच आहे.

गोंधळ होतो तो जमावबंदीमुळे. जुन्या कलम १४४ च्या जागी १ जुलै २०२४ पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचे कलम १६३ आले. त्याखालील जमावबंदीचा आदेश एकत्र जमण्यावर निर्बंध घालतो. चित्रीकरणाला मनाई करायची असेल तर आदेशात तसे लिहावे लागते. मात्र घोळक्यात शिरलेला छायाचित्रकारही जमावातच मोजला जाऊ शकतो, म्हणून एखाद्या दुकानाच्या पायरीवरून काढलेले चित्र अधिक सुरक्षित, आणि बहुधा अधिक चांगलेही.

पोलिसांना फोन जप्त करायचा, तर याच संहितेच्या कलम १०६ नुसार गुन्ह्याशी संबंधाचा संशय हवा. चित्रे पुसायला लावण्याचा अधिकार ते कलम देत नाही. कॅम्पातील, म्हणजे बेळगावच्या छावणी भागातील, लष्करी आवारांची गोष्ट वेगळी, कारण तेथे १९२३ चा शासकीय गुपिते अधिनियम आड येऊ शकतो.