'कॅनॉट ओपन डिस्प्ले' : खिडकी अडते कुठे?

दूरच्या लिनक्स मशीनवर एसएसएचने (सुरक्षित रिमोट लॉगिनने) शिरलात, एक्सक्लॉक हा घड्याळाचा छोटा प्रोग्रॅम चालवलं आणि घड्याळाऐवजी 'कॅनॉट ओपन डिस्प्ले' अशी ओळ आली. मग पुष्कळ जण त्या मशीनवर एक्स सर्व्हर टाकायला घेतात. तिथे तो लागतच नाही. १९८४ साली एमआयटीत सुरू झालेल्या एक्स या खिडक्या दाखवणाऱ्या प्रणालीत ज्याच्यापाशी पडदा, कीबोर्ड आणि माउस, तो सर्व्हर. म्हणजे तुमच्या टेबलावरचं मशीन. दूरचा प्रोग्रॅम हा क्लायंट, तुमच्याकडे खिडकी मागणारा. म्हणून आधी इकडचं पाहा: मॅकवर एक्सक्वार्ट्झ, विंडोजवर व्हीसीएक्सएसआरव्ही किंवा एक्समिंग हा एक्स सर्व्हर चालू आहे ना?

मग दूरच्या मशीनवर डिस्प्ले या, खिडकी कुठे उघडायची ते सांगणाऱ्या व्हेरिएबलची किंमत छापून बघा. निम्मं निदान तिथेच होतं.

ती रिकामी असेल तर वाट जोडलीच गेलेली नाही. एसएसएच चालवताना कॅपिटल एक्स (-X) हा पर्याय द्यावा लागतो. स्मॉल एक्स हीच सोय बंद करतो. दूरच्या एसएसएचडीच्या (तिथल्या एसएसएच सेवेच्या) कॉन्फिगमध्ये 'एक्स११ फॉरवर्डिंग' समोर 'येस' हवं. बदल केल्यावर सेवा रीलोड करून पुन्हा लॉगिन करा. एवढं करूनही रिकामीच, तर एक्सऑथ हा परवानगीच्या खुणा सांभाळणारा छोटा प्रोग्रॅम तिथे आहे का पाहा. कमीत कमी पॅकेजं टाकलेल्या सर्व्हरवर तो हमखास नसतो.

किंमत ':०' दिसली तर बॅशआरसी या शेल सुरू होताना चालणाऱ्या फाइलमधल्या कुठल्यातरी जुन्या ओळीने खरी किंमत पुसली आहे. ती ओळ काढा. ही किंमत हाताने कधीच भरू नये, एसएसएच ती स्वतः भरतं.

'लोकलहोस्ट:१०.०' दिसलं तर वाट बरोबर आहे. एसएसएचडी १० पासून मोजतं आणि ६००० + १० म्हणजे ६०१० या पोर्टवर ऐकतं. तरीही नकार मिळत असेल तर अडचण कुकीची, म्हणजे परवानगीच्या खुणेची. ही १२८ बिटांची, ३२ हेक्स अंकांची खूण होम फोल्डरमधल्या 'डॉट एक्सऑथॉरिटी' फाइलमध्ये लिहिली जाते. डिस्क भरली किंवा कोटा संपला की ती लिहिलीच जात नाही. सुडोने रूट झालात की होम बदलतं, कुकी मागे राहते. एक्सऑथ लिस्टने आपली ओळ घ्या आणि रूट म्हणून एक्सऑथ ॲडने टाका. 'एक्सहोस्ट +' मात्र टाळाच. त्याने कुकीची तपासणीच उठते, आणि पडद्यापर्यंत पोचणारा कुणीही तुमच्या कळा टिपू शकतो.

सगळं चालत होतं आणि वीस मिनिटांनी नवी खिडकी उघडेना? ओपनएसएसएचमध्ये कॅपिटल एक्सची परवानगी मुळात २० मिनिटांचीच असते. एसएसएचच्या कॅपिटल वाय (-Y) या दुसऱ्या पर्यायाला ही मुदत नाही, पण मग दूरचा प्रोग्रॅम तुमच्या इतर खिडक्यांतही डोकावू शकतो. पूर्ण भरवशाच्या मशीनलाच तो द्या. डेबियन आणि उबुंटूवर मूळ सेटिंगमुळे कॅपिटल एक्सही वायसारखाच वागतो.

खिडकी येते पण रखडत येते, याला बहुधा बँडविड्थ नव्हे तर फेऱ्या, म्हणजे निरोप जाऊन उत्तर परत येणं, कारण असतात. एका फेरीला २०० मिलिसेकंद आणि मेनू उघडायला एकामागून एक ५० फेऱ्या, म्हणजे १० सेकंद. कॉम्प्रेशनने फेऱ्या कमी होत नाहीत. अशा अंतरावर एक्सप्रा किंवा व्हीएनसी हे दूरचा पडदा दाखवणारे प्रोग्रॅम घ्या: फेऱ्या दूरच्या मशीनच्या पोटातच होतात, तुमच्याकडे फक्त चित्र येतं.