देवमाशाचे खाणे आणि त्याच्या कातडीतला पुरावा

देवमासा काय खातो, हा एके काळी केवळ प्राणिशास्त्राचा प्रश्न होता. व्यापारी शिकारीवरची बंदी १९८२ साली ठरली, १९८५-८६च्या हंगामापासून लागू झाली आणि हा प्रश्न थेट राजकारणात गेला. देवमाशांच्या शिकारीविषयीच्या १९४६च्या आंतरराष्ट्रीय कराराच्या आठव्या कलमाने एक वाट मोकळी ठेवली होती. वैज्ञानिक संशोधनासाठी कोणताही सदस्य देश देवमासे मारण्याचा परवाना स्वतःच देऊ शकतो, आणि मारलेला प्राणी शक्य तितका वापरात आणावा, असे ते कलम सांगते. जपानने १९८७-८८पासून अंटार्क्टिकात याच कलमाखाली मिंके देवमासे मारायला सुरुवात केली. २००५पर्यंत मारलेल्यांची संख्या ६,७००च्या वर गेली. मांस बाजारात जात होते. संशोधनाच्या कारणांमध्ये आहाराचा अभ्यास ठळकपणे मांडलेला होता, कारण पोट फाडल्याखेरीज पोटातले कळत नाही.

पोट फाडून पाहण्याची रीत तशी जुनीच. १९२०च्या दशकाच्या मध्यापासून ब्रिटिश शास्त्रज्ञ दक्षिण अटलांटिकमधल्या साउथ जॉर्जिया बेटावर कत्तलीच्या ओट्यांशेजारी उभे राहून नोंदी घेत होते. तिथल्या निळ्या आणि फिन देवमाशांच्या पोटांत प्रामुख्याने क्रिल, म्हणजे कोळंबीसारखे छोटे समुद्री जीव, सापडत. पण ते प्राणी तेलासाठी मारले जात होते आणि विज्ञान त्या शिकारीच्या मागून चालले होते. १९८७नंतर क्रम उलटला. कागदावर तरी आता विज्ञानासाठी शिकार होत होती.

दरम्यान प्रयोगशाळांमध्ये वेगळेच काही आकाराला येत होते. १९७८ आणि १९८१ साली अमेरिकेतून प्रसिद्ध झालेल्या दोन शोधनिबंधांनी दाखवून दिले, की प्राण्याच्या शरीरातले कार्बन आणि नायट्रोजन यांच्या समस्थानिकांचे, म्हणजे एकाच मूलद्रव्याच्या हलक्या आणि जड अणूंचे, प्रमाण त्याच्या आहारावरून ठरते. अन्नसाखळीत एक पायरी वर गेले, की जड नायट्रोजनचे प्रमाण साधारण तीन ते चार दर हजारी वाढते. कार्बन पायरीगणिक फारसा बदलत नाही, पण जागेगणिक बदलतो, म्हणून तो खाण्याच्या जागेचा माग देतो. क्रिल खाणारा आणि मासे खाणारा यांतला फरक आता पोट न उघडता दिसू शकत होता.

देवमाशांच्या बाबतीत पहिले मोठे यश अलास्कातून आले. तोंडातली अन्न गाळणारी बलीनची पट्टी आपल्या नखासारखी केराटिनची असते, मुळाशी वाढत राहते आणि एकदा तयार झालेला भाग नंतर बदलत नाही. १९८९ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात बोहेड देवमाशांच्या पट्ट्या टप्प्याटप्प्याने तपासल्या गेल्या. बेरिंग समुद्र आणि ब्यूफोर्ट समुद्र यांच्यातल्या वार्षिक ये-जा करण्याबरोबर कार्बनचा आकडा वर-खाली होत गेलेला त्यांत स्पष्ट दिसला. पट्टी किती वेगाने वाढते आणि प्राणी किती वर्षांचा आहे, याचाही अंदाज त्यातून बांधता आला. हे बोहेड तिथल्या मूळ रहिवाशांच्या उपजीविकेच्या शिकारीतले होते. पुढे न मारता संशोधन करण्याची आशा ज्या तंत्रावर उभी राहिली, त्याचे सुरुवातीचे नमुने शिकारीतूनच आले, ही गोष्ट शिकारीचे समर्थक आणि विरोधक दोघेही सोयीने विसरतात.

जिवंत देवमाशाचा नमुना घ्यायचा तर क्रॉसबोमधून पोकळ टोकाचा बाण मारतात. तो कातडीचा आणि चरबीचा लहानसा तुकडा घेऊन पाण्यावर तरंगतो. निळ्या देवमाशाची कातडी साधारण पाच-सहा महिन्यांत नवी होते, म्हणजे तिच्यात मागच्या काही महिन्यांच्या जेवणाची सरासरी असते. चरबीतल्या मेदाम्लांवरूनही आहार ओळखता येतो. पण ताज्या आहाराची खूण चरबीच्या आतल्या थरात लवकर उमटते आणि बाण बहुधा बाहेरच्या थरापर्यंतच पोचतो.

आता खरा वाद. ऑस्ट्रेलियाने २०१० साली जपानविरुद्ध हेग येथील आंतरराष्ट्रीय न्यायालयात दावा लावला, न्यूझीलंड त्यात नंतर सामील झाले, आणि ३१ मार्च २०१४ रोजी बारा विरुद्ध चार मतांनी निकाल जपानच्या विरोधात गेला. २००५पासून चाललेल्या दुसऱ्या अंटार्क्टिक कार्यक्रमाचे परवाने ‘वैज्ञानिक संशोधनाच्या हेतूने’ दिलेले नाहीत, असे न्यायालयाने ठरवले. त्या दिवसापासून एक समज पक्का झाला आहे, की कातडीच्या तुकड्याने पोटाची गरज संपवली आणि हे न्यायालयाने मान्य केले. न्यायालयाने तसे म्हटलेले नाही.

निकालात जे आहे ते जास्त बारकाईचे आहे, आणि माझ्या मते जास्त कठोरही. पोटातले अन्न आणि आतले अवयव न मारता तपासता येत नाहीत, यावर दोन्ही पक्षांचे एकमत होते. पोटातून मिळणारी माहिती कितपत भरवशाची, हा शास्त्रज्ञांमधल्या मतभेदाचा विषय आहे, असे म्हणून न्यायालयाने त्यात हात घातला नाही. मारून नमुने घेणे हे मुळातच अवाजवी, असेही ते म्हणाले नाही. त्याचा प्रश्न संख्येचा होता. दर हंगामात ८५० मिंके, अधिक-उणे दहा टक्के, आणि ५० फिन, ५० हम्पबॅक हे आकडे आले कुठून? आकडे ठरवताना न मारता काय काय साधता येईल, याचा अभ्यास केल्याचा पुरावा जपानला देता आला नाही. कार्यक्रमाचे एक मुख्य उद्दिष्ट देवमाशांच्या जातींमधली अन्नाची स्पर्धा तपासणे हे होते. प्रत्यक्षात हम्पबॅक एकही मारला गेला नाही, फिन देवमासे सगळे मिळून १८ आणि मिंके सुमारे ३,६००. तीन जातींची तुलना एकाच जातीच्या जोरावर कशी होणार? जपानने दाखवलेले समीक्षित शोधनिबंध फक्त दोन होते. ते कार्यक्रमाच्या उद्दिष्टांशी निगडित नव्हते आणि पूर्वतयारीच्या हंगामातल्या अनुक्रमे सात आणि दोन मिंके देवमाशांवर बेतलेले होते.

पोट आणि कातडी यांचा सामना न्यायालयात लागलाच नाही, कारण दोन्ही वेगवेगळ्या प्रश्नांची उत्तरे देतात. पोट शेवटचे जेवण जातीनिशी दाखवते, तर कातडी काही महिन्यांतली अन्नसाखळीतली पातळी आणि ढोबळ जागा सांगते. किती खाल्ले, हे दोन्हींतून नीट कळत नाही. मच्छीमारांचे मासे देवमासे संपवतात, हा जपानने जोरात मांडलेला दावा मात्र नेमका ‘किती’वरच उभा होता. त्याचे जास्त भक्कम उत्तर २०२१ साली अंगावर चिकटवलेली यंत्रे, ड्रोन आणि प्रतिध्वनीची मोजणी एकत्र करून मिळाले. बलीनवाले देवमासे आधीच्या अंदाजांच्या सुमारे तिप्पट खातात आणि उत्तर पॅसिफिकच्या पूर्व भागातला निळा देवमासा खाण्याच्या हंगामात दिवसाला १६ टनांच्या आसपास क्रिल गिळतो. तोवर जपान करारातूनच बाहेर पडला होता. ३० जून २०१९ रोजी सदस्यत्व संपले आणि दुसऱ्याच दिवशी स्वतःच्या सागरी हद्दीत व्यापारी शिकार सुरू झाली.

रासायनिक पद्धतीची दुखरी बाजू वेगळीच आहे. आकडा प्राण्याचा असतो, पण त्यात समुद्राचा आकडा मिसळलेला असतो. बोहेडच्या १९४७ ते १९९७ या काळातल्या पट्ट्यांमध्ये १९६६नंतर जड कार्बन घटत गेलेला दिसला. २००० साली त्याचा अर्थ लावला गेला, की बेरिंग समुद्राची उत्पादकता ३० ते ४० टक्क्यांनी घटली. लगेच आक्षेप आला, की पाण्यात विरघळणारा कार्बन डायऑक्साइड वाढला तरी हा आकडा असाच हलतो. शिवाय कोळसा आणि तेल जाळल्याने हवेतला कार्बनच हलका होत चालला आहे, त्यामुळे संग्रहालयातल्या जुन्या पट्टीची आजच्या पट्टीशी तुलना दुरुस्तीशिवाय करता येत नाही.

ही अडचण सर्वांत जास्त भेडसावेल ती आपल्या अरबी समुद्रात. इथल्या हम्पबॅक देवमाशांच्या आहाराची माहिती मुख्यत्वे सोव्हिएत जहाजांच्या बेकायदा शिकारीतून आलेली आहे. नोव्हेंबर १९६६मध्ये ओमान, पाकिस्तान आणि वायव्य भारताच्या किनाऱ्यांजवळ दोनशेहून जास्त हम्पबॅक मारले गेले. त्यांच्या पोटांत क्रिलच्या जातीचे जीव आणि मासे होते. ते आकडे उघड व्हायला १९९०चे दशक उजाडले, आणि हे देवमासे अंटार्क्टिकाला न जाता इथेच जेवतात, या मताला त्यांनी बळ दिले. श्रीलंकेच्या किनाऱ्यावरचे निळे देवमासे तर क्रिल सोडून मुख्यतः आपल्या जवळ्याच्या कुळातली कोळंबी खातात, हे २०१८ साली विष्ठेतल्या डीएनएवरून दिसले.

पण अरबी समुद्राच्या मधल्या खोलीवर प्राणवायू जवळजवळ नसतो. तिथले जीवाणू नायट्रेट वापरतात, हलका नायट्रोजन आधी वायू होऊन निघून जातो आणि उरलेला जड होतो. तेच पाणी मोसमी वाऱ्यांबरोबर वर आले, की पाण्यात तरंगणाऱ्या सूक्ष्म जीवांपासूनच, म्हणजे प्लवकांपासूनच, जड नायट्रोजनचा आकडा चढा लागतो. त्यामुळे इथल्या देवमाशाच्या कातडीत जड नायट्रोजन जास्त सापडला, तर त्याने मासे खाल्ले की त्याचा समुद्रच तसा आहे, हे एकट्या कातडीवरून सांगता येणार नाही. जून २०१५मध्ये रेवदंड्याला निळा देवमासा आणि जानेवारी २०१६मध्ये जुहूला ब्राइड्स देवमासा किनाऱ्याला लागला. असे कलेवर सहसा किनाऱ्यावरच पुरतात, आणि वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीमुळे त्याचा कोणताही भाग परवानगीशिवाय ठेवता येत नाही. ती परवानगी काढून बलीनची एखादी पट्टी मुळासकट राखली, तर प्राण्याच्या शेवटच्या काही वर्षांचा आहार तीत वाचता येतो. ती वाचायला मात्र त्याच किनाऱ्यावरचा जवळा, तारली आणि बांगडा पावसाळ्याआधी आणि पावसाळ्यानंतर, असा दोन्ही वेळा तपासलेला हवा.