अल्गोल: एकाच ठिपक्यातून दोन ताऱ्यांचं वजन कसं काढतात

ययाती तारकासमूहातला अल्गोल डिसेंबर-जानेवारीत रात्री आठ-नऊला उत्तरेकडे चांगला वर असतो, नुसत्या डोळ्यांनी दिसतो. दर २ दिवस २० तास ४९ मिनिटांनी तो मंद व्हायला लागतो, पाचेक तासांत उजेड एक तृतीयांशाच्याही खाली येतो आणि पुढच्या पाचेक तासांत परत पहिल्यासारखा. यॉर्कच्या जॉन गुडरिकने १७८३ मध्ये हे वेळापत्रक मांडलं, वय फक्त १८, लहानपणापासून ऐकू येत नव्हतं, आणि ताऱ्याभोवती काहीतरी काळोखं फिरतंय आणि ते मध्ये येतंय हे त्याने तेव्हाच सुचवलं होतं! १८८९ मध्ये जर्मनीत हर्मान फोगेलने वर्णपट (प्रकाश रंगांमध्ये फोडल्यावर दिसणारा पट्टा) तपासून जोडीदार आहे हे पक्कं केलं, पण तोवर गुडरिकला जाऊन शंभर वर्षं झाली होती, बिचारा २१ व्या वर्षीच गेला.

साध्या दुर्बिणीतून आजही एकच ठिपका दिसतो, मग मोजायचं कसं? उजेडाचा वेळेनुसार ग्राफ काढला की दोन खड्डे दिसतात, अंधूक तारा तेजस्वी ताऱ्यासमोर आला की खोल आणि उलट झालं की उथळ. अल्गोलचा उथळ खड्डा इतका बारीक आहे की तो १९१० मध्ये खगोलशास्त्रज्ञ जोएल स्टेबिन्सला सेलेनियमचा फोटोसेल (उजेड विजेच्या साहाय्याने मोजणारं साधन) लावून पकडावा लागला. खोलीवरून कोणाचा पृष्ठभाग किती तापलेला ते कळतं, आणि ग्रहण किती वेळ चालतं यावरून तारे त्यांच्यामधल्या अंतराच्या मानाने केवढे ते. पण हे फक्त प्रमाण झालं, किलोमीटर नाही मिळाले.

ते वर्णपटातून मिळतात. तारा आपल्याकडे येताना वर्णपटातल्या काळ्या रेषा निळ्याकडे सरकतात, लांब जाताना तांबड्याकडे, सरकणं मोजलं की वेग आला. तेजस्वी तारा सेकंदाला साधारण ४४ किलोमीटर, जोडीदार साधारण २००, आणि जो हलका तोच जास्त पळतो, म्हणजे वजनं साडेचारास एक. (जोडीदाराच्या रेषा झगमगाटात इतक्या बुडालेल्या की त्या १९७८ मध्ये सापडल्या.)

ग्रहणाचं खरं मोल मला इथे वाटतं. वर्णपटातून वेगाचा फक्त आपल्या दिशेचा भाग कळतो, कक्षा तिरकी असेल तर खरा वेग आणि वजन जास्त निघणार, आणि किती तिरकी ते एरवी सहसा समजत नाही. ग्रहण लागतंय म्हणजे कक्षा जवळपास कडेवरून दिसतेय, नेमका कोन खड्ड्याच्या आकारातून निघतो, मग केप्लर-न्यूटनचं गणित लावायचं, म्हणजे वेग आणि फेरीचा वेळ यांवरून अंतर आणि वजन काढायचं.

अल्गोलचं उत्तर आलं, तेजस्वी तारा साधारण ३.२ सूर्यांच्या वजनाचा आणि जोडीदार ०.७ सूर्याच्या, आणि इथेच सगळे चक्रावले, कारण जड तारा इंधन भराभर संपवून आधी म्हातारा व्हायला हवा, पण इथे फुगलेला, म्हातारा झालेला आहे तो हलका! म्हणजे आजचा हलका तारा पूर्वी जड होता, फुगल्यावर त्याचा बाहेरचा वायू शेजाऱ्यावर ओतला गेला, आणि थोडाफार अजूनही जातोय.