महासाथीतील अंत्यदर्शन

महासाथीत मृत्यू झाल्यास आप्तांना रुग्णाची अखेरची भेट, मृताचे दर्शन व अंत्यविधी यांपासून बरेचदा वंचित राहावे लागते. प्रस्तुत नोंदीत मुख्यतः कोविड-१९ च्या काळातील (२०२०–२२) स्थिती घेतली आहे. नेहमीच्या विधींसाठी 'अंत्येष्टी' ही नोंद पाहावी.

पूर्वपीठिका : महाराष्ट्रात अशा निर्बंधांचा आरंभ सामान्यतः १८९७ च्या साथरोग कायद्यापासून धरतात. तथापि मुंबईत प्लेगच्या रुग्णांना सक्तीने हलविण्यावरून असंतोष त्याआधीच पेटला होता व ऑक्टोबर १८९६ मध्ये गिरणी कामगारांनी आर्थर रोड रुग्णालयावर हल्ला केला होता. कायद्याने नवी रीत घातली, असे म्हणण्यापेक्षा चालू रीतीला अधिकार दिला, हे मत अधिक ग्राह्य दिसते. रुग्णालयात गेलेले माणूस परतत नाही, या भीतीने घरचे लोक आजारी माणसाला दडवून ठेवीत. १९१८ च्या इन्फ्ल्यूएंझात कुटुंबांवर काय गुजरले, याच्या नोंदी त्या मानाने त्रोटक आहेत.

मृतदेहाच्या संसर्गक्षमतेचा वाद : कोविडमधील बहुतेक निर्बंध याच प्रश्नावर उभे होते. केंद्रीय आरोग्य मंत्रालयाच्या मार्च २०२० मधील सूचनांनुसार देह न गळणाऱ्या प्लास्टिक पिशवीत ठेवायचा होता. पण पिशवीची चेन उघडून चेहरा दाखविण्यास, स्पर्श न करता पोथी वाचण्यास व तीर्थ शिंपडण्यास मुभा होती. स्नान घालणे, मिठी मारणे वर्ज्य होते. अस्थी व राख यांपासून धोका नाही, हेही त्यांत नमूद होते. जागतिक आरोग्य संघटनेनेही त्याच महिन्यात, इबोलासारखे रक्तस्रावी ज्वर व पटकी वगळता मृतदेह सहसा संसर्गजन्य नसतात आणि दहनच केले पाहिजे हा समज चुकीचा आहे, असे सांगितले. प्रत्यक्षात मात्र अनेक ठिकाणी नियमापेक्षा भीतीच कडक ठरली. मुंबई महापालिकेने ३० मार्च २०२० रोजी सर्वधर्मीय मृतांचे दहन करण्याचे परिपत्रक काढले व ते त्याच दिवशी मागे घेतले. वांद्र्यातील दफनाला विरोध करणाऱ्या याचिका मुंबई उच्च न्यायालयाने २२ मे २०२० रोजी फेटाळल्या. मृतदेहातून कोविड पसरतो याला शास्त्रीय आधार नाही, हे त्यामागील एक प्रमुख कारण होते. श्रीलंकेत सक्तीचे दहन फेब्रुवारी २०२१ पर्यंत चालू राहिले. कोविडने मृत झालेल्या पारशांना दोखम्यात (देह गिधाडांसाठी उघड्यावर ठेवण्याच्या वास्तूत) ठेवावे का, हा प्रश्न तर सर्वोच्च न्यायालयात फेब्रुवारी २०२२ मध्ये सुटला.

विधी : देह हाती न लागल्यास पळसाच्या ३६० देठांची प्रतिकृती करून दहन करण्याचा पालाशविधी धर्मशास्त्रात आहे. कोविडमध्ये देह सापडला होता, अग्नीही दिला गेला होता. फक्त घरचे कोणी नव्हते. त्यामुळे तो येथे काटेकोरपणे लागू होत नाही. मुलगा स्वतःच विलगीकरणात असल्यास पालिकेचे कर्मचारी वा स्वयंसेवक अग्नी देत. दशक्रिया पुढे ढकलली जाई किंवा गुरुजी व्हिडिओ कॉलवर सांगत.

संपर्क : वॉर्डात नातेवाइकांना प्रवेश नसल्याने सारा भरवसा फोनवर होता. प्रकृतीची बातमी कोण, केव्हा देणार हे रुग्णालयागणिक बदले.

शोकाचे निदान : मृत्यू कळला पण दिसला नाही, अशा स्थितीला अमेरिकन कुटुंबोपचारतज्ज्ञ पॉलीन बॉस यांची 'संदिग्ध वियोग' (माणूस गेला की नाही, याची मनाला निश्चिती न होणे) ही संकल्पना काही अंशी लागू पडते. दीर्घकालीन शोक ही विकृती कधी मानावी, याबाबत दोन वर्गीकरणांत फरक आहे : आंतरराष्ट्रीय रोगवर्गीकरणाची अकरावी आवृत्ती किमान सहा महिने, तर अमेरिकन मनोचिकित्सक संघटनेची नियमपुस्तिका प्रौढांसाठी बारा महिने धरते. वर्षश्राद्धापर्यंत शोक पाळणाऱ्या समाजात दुसरी मर्यादा अधिक सयुक्तिक वाटते.

कागदपत्रे : सर्वोच्च न्यायालयाच्या ऑक्टोबर २०२१ च्या आदेशानंतर कोविडने मृत झालेल्यांच्या वारसांना ५०,००० रुपये सानुग्रह साहाय्य मिळू लागले. चाचणीपासून ३० दिवसांत झालेला मृत्यू, मग तो घरी झालेला असला तरी, कोविडचा धरला जाई. आरंभी वगळलेल्या आत्महत्याही न्यायालयाच्या सूचनेनंतर याच मुदतीत पात्र ठरल्या.