मुलाच्या शस्त्रक्रियेसाठी निधी : नागपूरची पार्श्वभूमी

विदर्भातूनच नव्हे, तर छिंदवाडा, शिवनी, बालाघाट या मध्य प्रदेशातील जिल्ह्यांतूनही आजारी मुलांना उपचारासाठी नागपूरला आणण्याची रीत जुनी आहे. १८६२ पासूनचे मेयो रुग्णालय आणि १९४७ मध्ये सुरू झालेले शासकीय वैद्यकीय महाविद्यालय, म्हणजे लोकांचे ‘मेडिकल’, हे त्यामागचे मोठे कारण आहे. परंतु दर हजार जन्मांमागे सुमारे आठ-नऊ बालकांत आढळणाऱ्या जन्मजात हृदयदोषासारख्या आजारात शस्त्रक्रियेची वेळ आली, की दागिने गहाण टाकणे, शेत विकणे आणि आप्तांकडून, गावातून वर्गणी जमवणे याखेरीज गरीब कुटुंबापुढे फारसा मार्ग नसे.

दारिद्र्यरेषेखालील कुटुंबांसाठी राज्याने १९९७ मध्ये जीवनदायी योजना आणली. २०१२ मध्ये आलेली राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना आधी आठच जिल्ह्यांत सुरू झाली. त्यांत गडचिरोली व अमरावती होते, नागपूर नव्हते, आणि नोव्हेंबर २०१३ मध्ये ती राज्यभर लागू होईपर्यंत नागपूरच्या पालकांना वाट पाहावी लागली. दीड लाख रुपयांचे संरक्षण देणाऱ्या याच योजनेला २०१७ मध्ये महात्मा जोतिराव फुले यांचे नाव मिळाले आणि २०२३ मध्ये ही मर्यादा पाच लाखांपर्यंत वाढवण्याचा निर्णय झाला.

माझ्या मते २०१३ चा राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम याहूनही महत्त्वाचा आहे, कारण त्यातील पथके अंगणवाडीत आणि शाळेत जाऊन मुलांना तपासतात. दोष वेळेत कळला, तर कागदपत्रे जमवायला आणि योजनेतून मंजुरी मिळवायला अवधी मिळतो. तो उशिरा कळला, तर पालकांना हातात एस्टिमेट घेऊन पैशांसाठी धावावे लागते.

धर्मादाय रुग्णालयांतील दहा टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि आणखी दहा टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीच्या दरात राखण्याची योजना मुंबई उच्च न्यायालयाने २००६ मध्ये मंजूर केली, पण पैसे मागायला निघण्यापूर्वी तिची चौकशी करावी, हे पालकांना सांगणारे कोणी भेटतेच असे नाही.

योजना असूनही मदतीची आवाहने थांबली नाहीत, याचे कारण योजनांच्या रचनेत आहे. पैसे रुग्णालयाला मिळतात. मुलाजवळ थांबलेल्या आईवडिलांची बुडालेली मजुरी आणि त्यांच्या राहण्याचा खर्च कुटुंबावरच पडतो. योजनेच्या यादीबाहेरच्या उपचाराला मंजुरी मिळत नाही, आणि राज्याची योजना महाराष्ट्राच्या रहिवाशांसाठी असल्याने छिंदवाड्याच्या मुलाला तिचा आधार नसतो. २०१० नंतर आलेल्या ऑनलाइन निधीसंकलनाने आणि २०१६ मध्ये आलेल्या यूपीआयने अशा कुटुंबांना अनोळखी दात्यांपर्यंत पोहोचवले. मात्र रक्कम थेट रुग्णालयाच्या खात्यात भरण्याची सोय जिथे असते, तिथे दात्याला हिशेबाची शंका राहत नाही आणि पालकांनाही जमलेल्या पैशांचा खुलासा प्रत्येकाला देत बसावे लागत नाही.