बघ्यांच्या तळहातांना घाम येतो

जुलैमधली पावसाळी सकाळ. ठाण्यात घोडबंदर रोडवर पाटलीपाड्याच्या पुढे एक मोटरसायकल खड्ड्यात आदळून घसरली. विशी-बाविशीचा मुलगा. मांडी फाटलेली, पँट भराभर रक्तानं भिजत चाललेली. मिनिटभरात पंधरा-वीस माणसं गोळा झाली, आणि त्यांतलाच एक मी. छातीत धडधडत होतं, पण पाय हलत नव्हते. मी बाकीच्यांकडे बघत होतो आणि ते माझ्याकडे. कुणीतरी म्हणालं, "ॲम्ब्युलन्सला फोन केला असेल ना?" दोघातिघांनी माना डोलावल्या. फोन कुणीच केला नव्हता.

कोंडी फोडली ती फुटपाथवर पालेभाजी विकणाऱ्या मावशींनी. भाजीवर झाकायचा पंचा घेऊन त्या गर्दीत घुसल्या, गुडघ्यांवर बसल्या आणि पंचा जखमेवर दाबून धरला. मग मान वर करून म्हणाल्या, "ए चेकच्या शर्टवाल्या, तू एकशे आठ लाव. आणि ओ रिक्षावाले दादा, तुमची रिक्षा मागं आडवी लावा, गाड्या अंगावर येतायत." चेकचा शर्ट माझाच होता. त्यानंतर माझे हात व्यवस्थित चालले. आधी का चालले नाहीत, हा प्रश्न मात्र मला अनेक दिवस सोडेना.

शहरातली माणसं निबर झालीत, हे त्याचं आपल्याकडचं ठरलेलं उत्तर. न्यूयॉर्कमध्ये 1964 च्या मार्चमध्ये किटी जेनोव्हीज या 28 वर्षांच्या तरुणीचा रात्री तीनच्या सुमारास खून झाला, तेव्हा तिथल्या वर्तमानपत्रानंही हेच लिहिलं: अडतीस जणांनी पाहिलं, कुणी हललं नाही. ती बातमी बरीच फुगवलेली होती, हे पुढे उघड झालं. बहुतेकांना नीट काही दिसलंच नव्हतं, एकानं खिडकीतून ओरडून हल्लेखोराला तात्पुरतं पळवलंही होतं, आणि एक शेजारीण जिना उतरून आली आणि ॲम्ब्युलन्स येईपर्यंत किटीला धरून बसली होती. पण त्या बातमीमुळे जॉन डार्ली आणि बिब लाताने या दोन मानसशास्त्रज्ञांनी एक वेगळाच प्रश्न विचारला. माणसं कशी आहेत हे सोडून देऊ. ती किती जण आहेत, यानं काही फरक पडतो का?

त्यांचा 1968 चा प्रयोग असा. विद्यार्थ्यांना वेगवेगळ्या खोल्यांत बसवलं. कॉलेजमधल्या अडचणींवर इंटरकॉमवरून एकमेकांशी बोला, असं सांगितलं. त्यातल्या एका आवाजाला बोलता बोलता फिट येते. तो अडखळतो, घुसमटतो, मदत मागतो. हा आवाज आधीच टेप केलेला असतो, पण ऐकणाऱ्याला ते ठाऊक नसतं. हे ऐकणारे आपण एकटेच आहोत असं ज्यांना वाटत होतं, त्यांपैकी 85 टक्के जण फिट संपायच्या आत मदतीला उठले. आणखी एक जण ऐकतोय असं वाटणाऱ्यांत हे प्रमाण 62 टक्क्यांवर आलं. आणखी चौघं ऐकताहेत असं ज्यांना वाटलं, त्यांच्यात ते फक्त 31 टक्के होतं. जबाबदारी जितक्यांत वाटली जाते, तितका प्रत्येकाचा वाटा लहान होतो.

या प्रयोगातली मला सगळ्यांत महत्त्वाची वाटणारी गोष्ट आकड्यांत नाही. जे उठले नाहीत, त्यांच्या खोलीत संशोधक गेले तेव्हा ही माणसं निवांत बसलेली नव्हती. त्यांचे हात थरथरत होते, तळव्यांना घाम फुटला होता. "तो बरा आहे ना?" असं ती विचारत होती. जाऊ नये, असं त्यांनी ठरवलं नव्हतं. जावं की नाही यातच ती अडकून पडली होती. पाटलीपाड्याला मी तसाच उभा होतो.

त्यात रस्त्यावर आणखी एक गुंता होतो. इंटरकॉमवर इतरांचे चेहरे दिसत नव्हते, रस्त्यावर ते दिसतात. प्रसंग किती गंभीर आहे हे कळत नसलं की आपण दुसऱ्याच्या चेहऱ्यावरून अंदाज बांधतो. दुसराही आतून घाबरलेला असतो, पण वरून शांत दिसतो, कारण चारचौघांत गोंधळलेलं दिसायला कुणालाच आवडत नाही. डार्ली आणि लाताने यांनीच धुरानं भरत जाणाऱ्या खोलीचा प्रयोग केला. एकटा माणूस असला तर 75 टक्के वेळा तो बाहेर येऊन धुराबद्दल सांगायचा. शेजारी दोन माणसं मुद्दाम शांत बसवली, की हे प्रमाण 10 टक्क्यांवर यायचं. डोळे चुरचुरत होते, खोकला येत होता, तरी माणसं फॉर्म भरत बसली.

आणि घाई. ठाण्याच्या सकाळबद्दल बोलताना ती विसरून चालणार नाही. प्रिन्स्टनमध्ये डार्ली आणि डॅनियल बॅट्सन यांनी 1973 मध्ये धर्मशिक्षण घेणाऱ्या विद्यार्थ्यांची परीक्षा पाहिली. एका इमारतीतून दुसऱ्या इमारतीत भाषण द्यायला जाताना वाटेत एक माणूस खोकत, कण्हत बसलेला. वेळ हाताशी असलेल्यांपैकी 63 टक्के थांबले, आणि उशीर झालाय असं सांगितलेल्यांपैकी 10 टक्के. काहींच्या भाषणाचा विषयच बायबलमधली, वाटेत जखमी पडलेल्या परक्याला मदत करणाऱ्या परोपकारी शोमरोनी माणसाची गोष्ट हा होता, तरी त्यानं फारसा फरक पडला नाही. स्टेशनवर गाडी गाठायला निघालेल्या माणसाला आपण दगड म्हणतो, तेव्हा मला हे 10 टक्के आठवतात.

चित्र इतकंच असतं तर मी हे लिहिलं नसतं. ॲमस्टरडॅम, लँकेस्टर आणि केपटाउन इथल्या रस्त्यांवरच्या भांडणांची 219 सीसीटीव्ही चित्रणं अलीकडे तपासली गेली. दहापैकी नऊ प्रसंगांत कुणी ना कुणी मध्ये पडलंच होतं, आणि माणसं जितकी जास्त, तितकी कुणीतरी पुढे येण्याची शक्यताही जास्त होती. ही भांडणं होती, अपघात नव्हेत, हे खरं. पण धोका जितका उघड, तितका गर्दीमुळे येणारा अडसर कमी होतो, हे इतर अभ्यासांतही दिसतं. मावशींनी दोन माणसांना ओळखखुणेनं हाक मारली आणि दोघांनाही आपलं काम कळलं. कुणीतरी फोन करा म्हणाल्या असत्या, तर आम्ही पुन्हा एकमेकांकडेच बघितलं असतं.

मावशींचे हात बरोबर जागी होते, हेही तितकंच मोलाचं. मोठ्या माणसाच्या अंगात साधारण पाच लिटर रक्त असतं. त्यातलं पहिलं लिटरभर जाईपर्यंत शरीर ते लपवतं. त्वचेच्या रक्तवाहिन्या आकसतात, हृदय वेगानं धावतं, मेंदूला रक्त मिळत राहतं, आणि जखमी माणूस बोलत असतो. "बोलतोय ना, बरा आहे" असं आपण म्हणतो. रक्तस्राव सुरूच राहिला तर दीडेक लिटरच्या पुढे रक्तदाब खाली येतो आणि काही मिनिटांत माणूस हातचा जाऊ शकतो. म्हणून स्वच्छ कापड, दोन्ही तळवे आणि अंगाचं सगळं वजन. थांबलं का, हे बघायला कापड उचललं की नुकती धरू लागलेली गुठळी सुटते. भिजलं तर वरून दुसरं ठेवायचं.

आमच्या गर्दीतून एक बाटली पुढे आली होती. "पाणी पाजा त्याला." मुलगा पाणी मागतच होता, कारण रक्त जायला लागलं की तहान लागते. आपल्याकडे जखमीला पाणी द्यायचं ही माया आहे, ती मला कमी लेखायची नाही. फिट आलेल्याला कांदा हुंगवणारे हातही त्याच मायेचे असतात. पण शुद्ध हरपत चाललेल्या माणसाच्या घशातून पाणी फुफ्फुसात उतरू शकतं, आणि शस्त्रक्रिया करावी लागली तर भरलेलं पोट भूल देणाऱ्या डॉक्टरांची अडचण वाढवतं. त्यापेक्षा त्याच्या अंगावर काहीतरी पांघरा. पावसात पडलेलं शरीर गार होतं आणि गार रक्त नीट गोठत नाही.

मान हा दुसरा विषय. हात-पाय धरून उचलायचं आणि रिक्षात कोंबायचं, ही आपली जुनी सवय. मानेचा मणका मोडलेला असेल तर त्या एका हिसक्यात मज्जारज्जू दुखावू शकतो. अंगावर गाड्या येण्याचा किंवा आगीचा धोका नसेल तर हलवू नका, हेल्मेट ओढू नका, डोकं दोन्ही हातांनी स्थिर धरा. श्वास मात्र मानेच्याही आधी येतो. बेशुद्ध माणसाची जीभ मागे पडून घसा बंद होतो, तेव्हा मान न वाकवता खालचा जबडा दोन्ही बाजूंनी पुढे उचलायचा.

राहिली पोलिसांची भीती. रस्त्यात मला सगळ्यांत जास्त ऐकू आलेलं वाक्य होतं, "कोण पडणार त्या लफड्यात?" ही भीती पूर्वी निराधार नव्हती. आता मोटार वाहन कायद्यात 2019 च्या दुरुस्तीनं 134अ हे कलम आलं आहे. सद्हेतूनं मदत करताना चूक झाली, तरी मदत करणाऱ्यावर दिवाणी किंवा फौजदारी कारवाई होत नाही. 2020 च्या नियमांनुसार पोलीस त्याला नाव-पत्ता सांगायची सक्ती करू शकत नाहीत आणि रुग्णालय त्याला अडकवून ठेवू शकत नाही. देशात 2022 मध्ये 1,68,491 माणसं रस्ते अपघातांत गेली, म्हणजे तासाला एकोणीस. त्या प्रत्येकाभोवती काही ना काही माणसं उभी असतील, आणि हे कलम ठाऊक असलेलं त्यांत कितीसं कुणी असेल?

108 ची गाडी आली तेव्हा मावशींनी हात काढले नाहीत. डॉक्टरांनी त्यांच्या हातांवर आपले हात ठेवले, "आता सोडा" म्हटलं, तेव्हाच त्या उठल्या. भाजीवर शिंपडायच्या पाण्यानं त्यांनी कोपरापर्यंत हात धुतले. मी विचारलं, "मावशी, हे कुठं शिकलात?" त्या म्हणाल्या, "माझ्या धाकट्याला शाळेत शिकवलं होतं. घरी येऊन माझ्याच पायावर दाबून दाखवलं त्यानं."

माझ्या स्कूटरच्या डिकीत आता एक मोठा पंचा आणि हातमोजे असतात. गेल्या रविवारी माझ्या मुलीनं तो पंचा माझ्या मांडीवर दाबून बघितला. जोर कमी पडतोय म्हणाली, आणि गुडघ्यांवर बसून पुन्हा दाबला.